डोंग्याला कडता नसतो

आपल्याकडच्या दाणाबाजारात कडता नावाची एक चाल होती. ती चोरीची चाल होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शेतकऱ्यानं पोतं आणलं, काट्यावर ठेवलं, काटा बोलला शंभर किलो, की अडत्या लिहिणार अठ्ठ्याण्णव. दोन किलो कशाचे? तर बारदान्याचे, म्हणजे रिकाम्या गोणीचे. गोणी भरते किलोच्या आतबाहेर. उरलेला किलो कुठं जातो हे विचारायचं नसतं. तुझ्या आज्यानं विचारलं नाही, तुझ्या बापानं विचारलं नाही, तूच कोण मोठा लागून गेलास?

लखमीचंद शेठ रिसोडला चाळीस वर्षं हाच धंदा करीत होते. माणूस वाईट नव्हता, आणि खरी गोम तीच आहे. वाईट माणसाची चोरी कधी ना कधी पकडली जाते, भल्या माणसांच्या चोरीची चाल होते. शेठ पाणी गाळून पीत, दिवस मावळायच्या आत जेवत, वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर धोतर सावरून वळसा घालत. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी ज्वारीचं पेव उघडून दिलं होतं, तेव्हा कुणाला नाव विचारलं नाही. आणि तेच शेठ दर पोत्यामागं दोन किलो कापत. हात आपोआप कापायचा, मनाला पत्ताही नसायचा.

ह्या माणसाला जगात एकाच गोष्टीचं भेव होतं. पाण्याचं. सासरवाडी पैनगंगेच्या पल्याड, घाटावर पुंजाजी भोयाचा डोंगा तयार, दहा मिनिटांत पार. पण शेठ एसटीनं अर्धा दिवस वळसा घालून जायचे. बायको जतनबाई पोरासकट डोंग्यातून पुढं जाऊन माहेरी जेवून झोपलेल्या असायच्या, तेव्हा हे धुळीनं माखून पोचायचे.

अशा बापाच्या एकुलत्या एक पोरानं नावा बांधायचं शिक्षण घेतलं. जिनदास मुंबईकडं एका नावांच्या कारखान्यात लागला. नोकरीत अजून पक्का नव्हता. शेठ गिऱ्हाइकाला सांगत, "पोरगं समुद्राले पाहून येईन अन् गादीवर बसंन. किती दिवस पाहाचं पानी?" त्याला आठ वर्षं झाली होती. गादीवर शेठच्या उजव्या हाताला एक लोड रिकामा असायचा. त्यावर कुणाला टेकू देत नसत.

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीला जिनदास आला तो फूटपट्ट्या, दोरे आणि ओळंबा घेऊन. जेवताना त्यानं सांगितलं, "बाबूजी, साहेबानं मले एक काम देल्लं. ते जमलं तं पक्का होतो."

"अन् नाई जमलं तं?"

"तं येतो घरी."

शेठनी भाकरीचा तुकडा मोडला. जतनबाईंनी मात्र त्यांच्या तोंडाकडं नीट पाहून घेतलं.

"काय काम हाय रे?" त्यांनी विचारलं.

"कंपूटर नावाची खोलीभर मशीन रायते, बाई. नावेचं माप अन् वजन तिले देल्लं का थे सांगते, नाव पान्यात किती बुडंन. पण मशीनले सोताचं डोकं नसते. हिशेब कसा कराचा हे तिले आपनच सांगा लागते, पुठ्ठ्याच्या पत्त्यायवर भोकं पाडून. त्याले प्रोग्राम म्हनतात. असे दोन प्रोग्राम हायेत. एक नावेचं अंग सरळ रेघांनी जोडत जाते, झपाट्यानं उरकते. दुसरा वाकड्या रेघा धरते, त्याले वेळ लागते. दोघायची उत्तरं येगळी येतात. साहेब म्हनते, कोनता घ्याचा ते तू ठरव."

जतनबाई म्हणाल्या, "म्हंजे शिधा एक, आचारी दोन. कोनाच्या हातची कढी खरी, थे तुले सांगाचं हाय."

जिनदास हसला. "बाई, हेच मी साहेबाले अर्धा तास समजावत होतो."

"मंग चाखून पाह्य."

"त्याच्याचसाठी आलो. खरी नाव पायजे, खरं वजन पायजे. कारखान्यातल्या नावा गिऱ्हाइकाच्या. त्यायच्यात पोती भरून कोन पाहू देते? मंग मले पुंजाजीकाकाचा डोंगा आठोला."

पुंजाजीनं डोंगा डांबर लावायला काठावर ओढलाच होता. जिनदासनं दोन दिवस त्याच्या पोटाखाली लोळून सगळी मापं काढली. पुंजाजी बिडी ओढत बघत होता. "लेका, इतकं तं मी माह्या बायकोलेबी पाह्यलं नाई," तो म्हणाला. डांबर वाळायला चार दिवस लागणार होते आणि जिनदासची सुटी संपली होती. जाताना त्यानं बापाला बजावलं, "डोंगा पान्यात घातला का रिकामा असताना पान्याची रेघ मांडा. मंग वीस पोती भरा अन् पुन्हा रेघ मांडा. दोन रेघायतलं अंतर अन् आत गेलेलं वजन, येवढंच मले पाठवा. पण बाबूजी, वजन बरोबर पायजे."

"चाळीस वर्षं वजनंच करून राह्यलो मी," शेठ म्हणाले. "तू मले शिकवतं?"

शेठनी काम मनापासून केलं. दुकानात वीस पोती मोजली, गाडीनं घाटावर नेली, स्वतः काठावर पाण्यापासून चार हात लांब उभं राहून पुंजाजीकडून रेघा मारून घेतल्या. भरल्या डोंग्यात बांबू धरून पुंजाजी बसणार, म्हणून त्यालाही आदल्या दिवशी दुकानात काट्यावर चढवलं होतं. काटा बोलला चौपन्न. शेठनी लिहिलं बावन्न.

"दोन किलो कुठं गेले माहे?" पुंजाजीनं विचारलं.

"धोतर-पटक्याचा कडता."

सगळे हसले, शेठही हसले. आकडे पाकिटात घालून मुंबईला गेले.

पंधरा दिवसांनी, गुरुवारी, जिनदासचं पत्र आलं. 'बाबूजी, काम झालं. तुमच्या आकड्यांशी पहिला प्रोग्राम, तो सरळ रेघांचा, सुताला सूत जुळला. दुसरा दोन सुतांनी हुकला. खरं सांगायचं तर माझं मन दुसऱ्याकडं होतं. त्याची रीत मला खरी वाटते. पण मनाला कोण विचारतो, खरं माप तुमचं आहे. सोमवारी मी पहिल्याच्या नावानं लिहून देणार. बाईला सांगा, आचारी ठरला.'

दोन सूत म्हणजे पाव इंच. दाणाबाजारात पाव इंचाला दाण्याएवढीही किंमत नसते. शेठनी पत्र दोनदा वाचलं आणि लोडाखाली सरकवलं.

त्याच दुपारी मनकर्णाबाई आली. नदीपल्याडची, नवरा वारल्यावर सहा एकर एकटीनं कसणारी बाई. जिभेला हाड नाही आणि चौथीपर्यंत शिकलेली, म्हणजे अडत्यांच्या दृष्टीनं दुहेरी आजार. तिची हायब्रीड ज्वारीची पोती काट्यावर चढत होती आणि शेठ पुकारत होते, "अठ्ठ्यान्नव... अठ्ठ्यान्नव..."

"शेटजी, शंभराच्या वर गेला होता काटा."

"कडता, मनकर्णाबाई. नवीन हाय का तुले?"

"नवीन नाई. पन एक सांगू? त्या दिवशी तुमची वीस पोती डोंग्यात भरताना मी काठावरच होती. तुमच्या डोंग्यानं काई कडता धरला नाई बाप्पा. गोणीसकट पुऱ्या वजनानं बुडला. तुमच्यापरीस डोंगा इमानदार."

बाजारात हशा पिकला. हमाल हसले, शेजारच्या दुकानातले हसले. शेठचं तोंड उघडं होतं, पण हसू आलं नाही.

कारण तिनं जे टोमण्यात सांगितलं ते शेठच्या डोक्यात आता पोचलं होतं. जिनदासला वजन कोणतं पाठवलं? अठ्ठ्याण्णव. वीस पोत्यांना अठ्ठ्याण्णव. आणि काटा शंभराच्या वर किती गेला ते तर बघितलंच नव्हतं. वरचं सोडून द्यायचं, हीही चालच. पुंजाजीचं धोतरसुद्धा कापलं होतं! पण डोंग्यात तर सगळंच गेलं होतं. ज्वारी गेली, गोणी गेली, वरचे ग्राम गेले, पुंजाजी धोतर-पटक्यासकट गेला. पाण्यानं सगळं मोजलं. कमी मोजलं ते फक्त लखमीचंदनं.

वजन कमी सांगितलं म्हणून खरा आचारी खोटा ठरला आणि खोटा खरा.

"शेटजी? पुढचं पोतं?" हमालानं विचारलं.

"ठेव खाली," शेठ म्हणाले. "आज काटा बंद."

संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, जतनबाईंनी ताट वाढलं. शेठनी पत्र त्यांच्यापुढं टाकलं आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "दोन सुतांनं काय होते? न सांगितलं तं कोनाले कळते?"

"आज कोनाले नाई कळत," जतनबाई म्हणाल्या. "पन त्या प्रोग्रामानं उद्या पन्नास मान्सायची नाव बांधतीन. थे पान्यात उतरली का कळंनच. मंग आपल्या जिन्याले ईचारतीन, तुनंच लिहून देल्लं होतं ना? अन् त्याले घरी पाठोतीन."

शेठनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"तुमच्या मनात काय हाय थे मले ठाव हाय," जतनबाई हळूच म्हणाल्या. "थो लोड आठ वर्षांपासून मीच झटकून राह्यली."

"मले त्याचं वाईट पाहाचं हाय का?"

"नाई. तुमाले त्याले पाहाचं हाय. रोज. मलेबी पाहाचं हाय. पन असं खालच्या मानेनं आलेलं पोरगं घरात वावरते, हसत नाई. शिधा खोटा देल्ला तुमी, अन् बदनाम आचारी. हे जेवन कोनाले पचंन? घ्या, दिवस गेला."

शेठ त्या दिवशी अर्धपोटी उठले.

सकाळी मनकर्णाबाई ज्वारी मोजायला परत आली तेव्हा शेठ गादीवरून उठून उभे राहिले. अडत्या शेतकऱ्यासाठी उठला, हे बघून हमालांनी पोती खाली ठेवली.

"मनकर्णाबाई, एक काम हाय. डोंग्याचं वजन पुन्हा कराचं हाय. वीस पोती, घाटावर, आजच. काटा गाडीत टाकून नेतो. पन काटा तू वाच."

"मी? तुमचे मुनीम मेले का?"

"त्यायच्या तोंडाले सवय हाय. माह्याबी तोंडाले हाय. आमाले शंभर दिसलं तरी जीभ अठ्ठ्यान्नव बोलते. तुह्या तोंडाले कडता ठाव नाई."

मनकर्णाबाईनं पदर कमरेला खोचला. ही बाई भलत्या वेळी दया दाखवणाऱ्यांतली नव्हती. "वाचीन. पन मंग त्या वीस पोत्यायत माही आठ टाका. अन् जे वजन डोंग्याले, तेच मले. डोंग्याले येक अन् मले येक, असं नाई चालाचं."

शेजारचे माणिकचंद शेठ आपल्या गादीवरून ओरडले, "लखमीचंद, येडे झाले का? आज हिले देल्लं तं उद्या सारा बजार मांगंन!"

लखमीचंदनी रिकाम्या लोडाकडं एकदा पाहिलं.

"भरा गाडी," ते म्हणाले.

घाटावर ही गर्दी. बातमी काट्याच्या आधी पोचली होती. पल्याडची माणसंही येऊन बसली होती, कारण अडत्याला पुरं वजन बोलताना पाहणं हे बोलत्या म्हशीपेक्षा नवलाचं होतं. आधी मनकर्णाबाईनं एक रिकामी गोणी काट्यावर ठेवायला लावली.

"नऊशे ग्राम," तिनं वाचलं. मग गर्दीकडं वळून पुन्हा वाचलं, "नऊशे! किलोबी नाई!"

कुणी हसलं नाही. म्हातारी म्हातारी माणसं मनातल्या मनात कितीतरी वर्षांच्या सुगी मोजत होती. एक म्हातारा नुसता "हां" म्हणाला. तो "हां" शेठना शिवीपेक्षा जास्त लागला. लागायलाच पाहिजे होता.

मग पोती चढू लागली. "शंभर अन् चारशे ग्राम... शंभर अन् सहाशे... येकशे येक..." बाई घसा फोडून वाचत होती, शेठ स्वतःच्या हातानं लिहीत होते. बारदान्यासकट, ग्रामासकट. पुंजाजी काट्यावर चढला तेव्हा पटका काढायला लागला.

"राहू दे डोक्यावर," शेठ ओरडले. "धोतर, पटका, बिडीचं बंडल, सारं राहू दे."

"चौपन्न अन् तीनशे!" मनकर्णाबाई म्हणाली. "दोन किलो वापस भेटले, पुंजाजीभाऊ."

"लय दिवसांनं अंगात जीव आल्यासारखा वाटते," पुंजाजी म्हणाला, आणि तेव्हा कुठं घाट हसला.

डोंगा भरला, रेघ मांडली. शेठ घाटावरून थेट तार ऑफिसात गेले. तारबाबूनं मजकूर वाचला आणि वर पाहिलं. 'पहिलं वजन खोटं. कडता कापला होता. पुरं वजन आणि नवी रेघ खाली. सोमवारी सही करू नको. बाबूजी.' खाली वजनाचा आणि रेघेचा आकडा.

"शेटजी, खोटं हा शब्द ठेवू का? चूक म्हनलं तरी चालते."

"खोटंच लिहा," शेठ म्हणाले.

पुढचे आठ दिवस बाजारात लखमीचंदशी कोणी अडत्या बोलला नाही. शेतकरी मात्र यायचा, पोतं ठेवायचा आणि काट्याकडं न बघता शेठच्या तोंडाकडं बघायचा. शेठनी काट्याशेजारी एक रिकामी गोणी कायमची टांगून ठेवली. ज्याला शंका असेल त्यानं मोजून घ्यावी. ह्यानं जग सुधारलं असं समजू नका. बाजारात बाकीच्या गाद्यांवर पुढंही अठ्ठ्याण्णवच पुकारत होते. एका माणसाला लाज वाटली, एवढीच ही गोष्ट.

मग पत्र आलं. शेठनी ते जतनबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं.

'बाबूजी, पुऱ्या वजनावर दुसरा आचारी जुळला, आणि पहिला दोन सुतांनी पडला. मी दुसऱ्याच्या नावानं लिहून दिलं. साहेबांनी विचारलं, आधीचे आकडे का बदलले? मी तुमची तार पुढं ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, ज्याचा बाप तारेत पैसे मोजून खोटं हा शब्द पाठवतो, त्याच्या आकड्यावर मी नाव बांधीन. मी पक्का झालो. तुम्हाला वाईट वाटेल हे मला माहीत आहे. दर दिवाळीला येईन, आणि उन्हाळ्यातही.'

शेठ थांबले. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. जतनबाई उठून दुकानात गेल्या, आठ वर्षं झटकलेला तो लोड उचलून आणला आणि शेठच्या पाठीशी लावला. "टेका," त्या म्हणाल्या. "लोड टेकाले असते."

शेठ टेकले. मग पुढचं वाचलं.

'आता एक काम राहिलं. डोंग्यात एक जड गोष्ट मध्यावरून हातभर बाजूला सरकवायची आणि डोंगा किती कलतो ते मोजायचं. पोतं सरकवायला माणूस आत चढला की रेघ हलते. सांगितल्यावर सरकेल आणि मग गप बसेल, असं वजन पाहिजे.'

"माणूस पायजे म्हंते थो," जतनबाई म्हणाल्या.

"पुंजाजी हाय ना."

"पुंजाजी बांबू धरंन का सरकंन?" जतनबाईंनी पदर तोंडाला लावला. "पोरगं भोळं नाई, अवो. त्याले ठाव हाय घरात येवढं जड वजन येकच हाय."

रविवारी घाटावर काटा पुन्हा लागला. शेठ काट्यावर चढले. मनकर्णाबाई मुद्दाम वेळ लावून वाचत होती.

"येक्याऐंशी अन् दोनशे! टोपीसकट, चष्म्यासकट. काढू का दोन किलो, शेटजी?"

"येक ग्रामबी काढशीन तं पाह्य," शेठ म्हणाले. आणि पुंजाजीनं पुढं केलेला हात धरून, जन्मात पहिल्यांदा, डोंग्यात पाय ठेवला. डोंगा डुलला. शेठनी डोळे मिटले, दोन्ही हातांनी कडा गच्च धरल्या आणि तोंडातल्या तोंडात नवकार मंत्र म्हणायला लागले.

"शेठ, हालू नका," पुंजाजी म्हणाला. "रेघ मांडून राह्यलो."

"मी कुठं हालतो? तुहाच डोंगा हालून राह्यला!"

"आता हातभर डाव्या अंगाले सरका."

शेठनी एक डोळा उघडला. काठावर जतनबाई उभ्या होत्या. पाणी चारी बाजूंनी होतं, जवळ होतं, आणि मुंबईकडं कुठंतरी ह्याहून कितीतरी मोठ्या पाण्याच्या काठाला त्यांचं पोरगं ह्या रेघेची वाट बघत होतं. शेठ हातभर सरकले. मग गप बसले. पुरे एक्याऐंशी किलो दोनशे ग्राम.